टाच चौदा, लागल्या नऊ

अप्पांनी सकाळी सातलाच ठाण मांडलं होतं. कारखान्यातलं आपलं तीन पायांचं स्टूल एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात, अशी कसरत करत ते बागेत आले, फुलांच्या वाफ्याच्या बरोबर मध्यावर, दोन झाडांमधल्या वीतभर फटीत त्यांनी ते स्टूल रोवलं आणि त्यावर बसले. दादा पहार, फावडं आणि चुन्याची पिशवी घेऊन बाहेर आला, तर ज्या रेषेवर त्याला फक्की मारायची होती नेमक्या त्याच रेषेवर वडील बसलेले.

"अप्पा, उठा."

"नाही उठत."

"चहा प्यायला तरी उठा."

"इथे आणून दे."

धाकटी तेव्हाच फाटकातून आत आली. त्रेचाळीस वर्षांची झाली, शहराबाहेर स्वतःची रोपवाटिका उभी केली, हाताखाली सहा माणसं ठेवली, तरी या घरात ती धाकटीच होती, आणि दादाला कुठलीही गोष्ट आवाक्याबाहेर गेली की तिला फोन यायचा. अप्पांच्या गुडघ्यांना दोन्ही बाजूंनी ल्युपिनची बुटकी फुलझाडं टेकली होती. तुरे नुकते खालून पिवळे व्हायला लागले होते, वरचं टोक अजून हिरवंच. ते पाहताच तिने नजर फिरवली, आणि ती वडिलांच्या हट्टामुळे नव्हे.

हिवाळ्यात अप्पा जिन्यावरून दोनदा पडले. पहिल्यांदा त्यांनी ते कुणाला सांगितलंच नाही, दुसऱ्यांदा सांगायची गरज उरली नाही. डॉक्टरांनी जिना बंद केला. मग दादाने, आयुष्यभर लोकांच्या घरातले नळ आणि पाइप जोडत आलेल्या माणसाने, स्वतःच्या घराला पहिल्यांदा हात लावला. अप्पांचा कारखाना म्हणजे खालच्या मजल्यावरची एक लांबट खोली, जिथे त्यांनी पन्नास वर्षं चपला-बूट शिवले. तिचा मागचा अर्धा भाग भिंत घालून वेगळा केला, बागेकडे रुंद दार काढलं, न्हाणीघराच्या फरशा बसवल्या. राहिला होता फक्त सांडपाण्याचा पाइप. तो बागेमागच्या मेन लाइनला जोडायचा होता, आणि त्याला जायला एकच वाट होती.

"पाणी काही माझं नातेवाईक नाही, अप्पा," दादा म्हणाला. "त्याला उतारच लागतो. भिंतीकडून नेला तर चढ येतो. कोपऱ्यातल्या मोठ्या झाडाकडून नेला तर मुळं आडवी येतात."

"आणि इथून नेलास तर तुझी आई आडवी येते."

दादाने पहार जमिनीवर टेकवली.

"तिच्या हातची झाडं आहेत ही," अप्पा म्हणाले. "एकतीस वर्षं तिने सांभाळली आणि नऊ वर्षं ती नसताना उभी आहेत. पहिल्या पाकिटावर काय लिहिलं होतं, आठवतंय मला. बहुवर्षायू."

"मग खणून बाजूला लावू. धाकटी लावेल. काय गं?"

दोघेही तिच्याकडे पाहायला लागले. निदान या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्याकडे होतं, म्हणून तिने ते दिलं. "नाही जगणार. ल्युपिनचं मूळ सरळ खाली जातं, हातभर. ते तुटलं की झाड बसतं. त्यात आता तुरे आलेत."

"ऐकलंस?" अप्पा दादाला म्हणाले. "खणायचं तर खुशाल खणा. मी ताईबरोबर जातो. तिच्याकडे लिफ्ट आहे."

"माझी खोली तयारच आहे!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत्या ओरडली. तिचा कान तिच्या वयाला शोभत नव्हता.

आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. गाडीने सात तासांवर, सहाव्या मजल्यावर एकटी राहायची. कालच आली होती ती भावाला समजवायला, असं तिचं म्हणणं. येताना मात्र एक रिकामी सूटकेसही घेऊन आली होती. अप्पा एकदा त्या सहाव्या मजल्यावर गेले की परत येणार नाहीत, हे धाकटीला स्वच्छ दिसत होतं. तिथे कारखाना नव्हता, चामड्याचा वास नव्हता, जाता-येता दारात थांबून बुटाची टाच दाखवणारं गिऱ्हाईक नव्हतं. आणि त्यांना इथे राखायला तिच्याकडे एकच वाक्य होतं, जे ती नऊ वर्षं गिळून बसली होती.

स्वयंपाकघरात चौघांची बैठक बसली. वहिनी ओट्याशी उभी राहून अप्पांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या सात खणांत भरत होती. ती औषधांच्या दुकानात काम करायची, आणि बोलण्यापेक्षा मोजण्यावर तिचा भरवसा जास्त होता. आत्या पावाला लोणी लावत होती, एवढं की पाव दिसेनासा व्हावा.

"एवढी माया आहे त्याची त्या झाडांवर, तर राहू दे की वाफा," आत्या म्हणाली. "मी नेते त्याला. लहानपणी मीच सांभाळलाय. बुटका तेव्हाही होता. या घरात माणसं बुटकी, झाडंही बुटकी, सगळं कसं मापात."

"तुझ्याकडे ते दिवसभर करतील काय, आत्या?" दादाने विचारलं.

"माझ्याशी भांडेल. मलाही कुणीतरी हवंच आहे भांडायला."

हे ती अगदी सरळ म्हणाली. मग दादाचा आवाज चढला. "तीन महिन्यांचे रविवार घातलेत मी त्या खोलीत! फरशी न् फरशी हाताने बसवली. आणि ते चार फुलांपायी गाव सोडणार? धाकटे, तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकतात ते."

"ऐकतात, म्हणूनच तर भीती वाटते," धाकटी म्हणाली. तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. "त्या वाफ्यात आईचं एकही झाड नाही."

आत्याच्या हातातली सुरी थांबली.

"ल्युपिनला बहुवर्षायू म्हणतात खरं, पण बहू म्हणजे चार. फार तर पाच. आई गेली त्याच्या पुढच्याच वर्षी दोन झाडं मेली. अप्पा दुपारी डोळा लावतात ना, तेव्हा मी माझ्याकडची दोन आणून त्याच खड्ड्यांत लावली. मग दर वर्षी दोन-तीन. एकदा बी पडून भलतंच उंच निळं रोप आलं, ते त्यांना दिसायच्या आत उपटलं. आता सगळी माझी आहेत. नर्सरीतली."

"अगं, मग प्रश्नच मिटला!" दादा उठलाच. "जा, सांग त्यांना. मी पहार घेतो."

"खबरदार!" आत्या म्हणाली. "नऊ वर्षं रोज संध्याकाळी तो त्या झाडांशी बोलतो. तू जाऊन सांगणार की, अप्पा, तुम्ही दुकानातल्या मालाशी बोलत होतात?"

"तुझं काय जातंय, आत्या? तुला ते तुझ्याकडेच हवे आहेत."

"हवेच आहेत. पण असा मोडलेला नको आहे मला."

आत्ता सकाळपर्यंत दादा आणि धाकटी एका बाजूला होते आणि आत्या दुसऱ्या. पाच मिनिटांत सगळा पट फिरला, आणि धाकटीला मनातून आत्याचंच पटायला लागलं. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने शनिवारचा खण बंद केला, डबी कपाटात ठेवली आणि खिळ्यावरची किल्ली घेतली.

"मी दुकानात जाऊन येते."

"आज रविवार आहे!" दादा म्हणाला.

"माहितेय." ती गेली.

"बघा," दादा म्हणाला. "घरात एवढा गोंधळ, आणि हिला दुकान आठवतंय."

धाकटी खुर्चीवर टेकली. तिला दुसरंच आठवत होतं. दोन वर्षांचं शिक्षण संपवून ती घरी आली होती, एकवीस वर्षांची, डोक्यात झाडांची शास्त्रीय नावं गच्च भरलेली. आई वाफ्यात गुडघे टेकून काहीतरी करत होती. धाकटी सगळ्यांसमोर हसून म्हणाली होती, "आई, ही झाडं म्हातारी झाली की उपटायची आणि नवी आणायची. ही काय मांजरं आहेत पाळायला?" आई हसली होती. पुन्हा कधी तिने झाडांचा विषय धाकटीजवळ काढला नाही. त्याच आठवड्यात, लग्न होऊन नुकतीच आलेली वहिनी तण काढायला खाली बसली, तर धाकटीने तिच्या हातातलं खुरपं काढून घेतलं होतं. म्हणाली होती, "वहिनी, तू आपली गोळ्या मोज." तेव्हा तो विनोद वाटला होता.

ती बागेत आली आणि एक बादली पालथी घालून अप्पांसमोर बसली. ऊन वर आलं होतं. ल्युपिनच्या पानांच्या मधोमध दवाचा एकेक थेंब अजून टिकून होता.

"अप्पा, त्या बहुवर्षायूचं जरा..."

"तुला वाटतं मी झाडांसाठी हट्ट करतोय." त्यांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. "जा, कारखान्यातून कॅलेंडरं घेऊन ये. खिडकीजवळच्या खिळ्यावर."

कॅलेंडरं एकावर एक टांगलेली होती, आणि अप्पांनी त्यांना चामड्याचा पट्टा घातला होता. पट्ट्याला बक्कल होतं, भोकं नीट अंतरावर पाडलेली होती. ती ती चळत दोन्ही हातांत धरून बाहेर आली.

"कुठलंही वर्ष काढ. थंडी सरतानाचं पान."

तिने काढलं. आईच्या पेन्सिलीतल्या अक्षरात लिहिलं होतं: *टाच १४*.

"दिसलं? दुसरं वर्ष बघ. त्याच आठवड्यात." *टाच १२. वाळू संपली.* "बागकाम सुरू झालं की तिची टाच दुखायची. चौदा दिवस, बारा दिवस. गरम वाळूने शेकत असणार. कधी एका शब्दाने बोलली नाही. लिहून ठेवायची आणि मी वाचायचो."

"विचारलं नाहीत?"

"ती सांगत नव्हती, तर मी कसं विचारणार?" हे अप्पांना अगदी उघड वाटत होतं. "मी चपला शिवल्या. मऊ चामड्याच्या, टाचेखाली दुहेरी गादी घालून. कशासाठी ते मीही बोललो नाही. तिने घातल्या. आता महिन्याभराने पुढचं पान काढ."

तिने पान उलटलं. *लागल्या ९*.

"नऊ दिवस घातल्या आणि लागल्या." अप्पा वाफ्याकडे पाहत बोलत होते. "या शहरातल्या निम्म्या पायांना माझे जोड बसले. चपला लागतात म्हणून एक गिऱ्हाईक कधी परत आलं नाही. आणि बायकोला दर वर्षी लागल्या. पुढच्या वर्षी मी चामडं बदललं. लागल्या अकरा. तिच्या पायाचा लाकडी फर्मा नवा केला. लागल्या सात. एका वर्षी तर काय लिहिलं तिने? लागल्या सगळ्या. सगळ्या! म्हणजे मागच्या सगळ्या जोडांसकट! चार दिवस मी आरीला हात लावला नाही."

"पण घालायची ती."

"तेच तर. एकतीस जोड झाले. एकही टाकला नाही तिने, शेवटपर्यंत घातले." त्यांनी डाव्या हाताच्या झाडाचं पान अंगठ्याने कुरवाळलं, शिवण तपासतात तसं. "लागणाऱ्या चपला घालून तिने ही झाडं वाढवली, धाकटे. तिच्या पायाला धड एक जोड मी देऊ शकलो नाही. आणि आता मला पाय धुवायला जागा हवी म्हणून मी तिचा वाफा उखडू?"

धाकटीने कॅलेंडर मांडीवर घेतलं. तिची नजर त्या दोन पानांवरून हलत नव्हती. टाच चौदा. वाळू संपली. महिन्याने, लागल्या नऊ. हे तिने कुठे पाहिलं होतं? तिच्याच रोपवाटिकेत, दाराजवळच्या फळ्यावर, दर वर्षी खडूने, तिच्या स्वतःच्या अक्षरात. तिने दुसरं वर्ष उघडलं, मग तिसरं, मग सातवं. तारखा फार तर आठवड्याने मागेपुढे. जमिनीतून कोंब बोटभर वर येतात तो आठवडा.

ती हसायलाच लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग त्यातलं कुठलं कशाचं हे तिलाही कळेना.

"काय झालं?"

"थांबा." तिने खिशातली लहान सुरी काढली, जवळच्या झाडाचा पाला बाजूला सारला आणि बुडाशी आलेला एक कोंब कापला, मूळगड्ड्याचा चिमूटभर तुकडा त्याला राहील असा. तो तिने वडिलांच्या तळहातावर ठेवला. "या खालच्या तुकड्याला काय म्हणतात, माहितेय?"

अप्पांनी तो डोळ्यांजवळ नेला.

"टाच," ती म्हणाली. "टाचेसकट कोंब कापायचा आणि वाळूत लावायचा. त्याशिवाय मुळं फुटत नाहीत. आई दर वर्षी नवी रोपं करत होती, अप्पा. चौदा टाचा लावल्या."

"आणि लागल्या..."

"रोप लागलं म्हणतो ना आपण. मूळ धरलं. चौदा लावल्या, नऊ लागल्या."

अप्पांनी कोंब उलटासुलटा करून पाहिला. दादा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता, त्याच्या मागे आत्या. तिच्या हातातला पाव तसाच होता.

"ते वर्ष," अप्पा शेवटी म्हणाले. "सगळ्या लागल्या ते."

"तिचं सगळ्यात चांगलं वर्ष असणार ते."

"म्हणजे चपला..."

"चपला तिला एकदाही लागल्या नाहीत."

अप्पांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल सापडेना, म्हणून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा न लावता हातातच धरून बसले. त्यांचे ओठ हलत होते. धाकटीला वाटलं, ते जोड मोजतायत. एकतीस वर्षांची बोचणी एका माणसाच्या तोंडावरून उतरताना तिने त्या दिवशी पाहिली, आणि तिथेच थांबावं असं तिला फार वाटलं. पण अर्धंच खरं सांगून थांबणं हा या घराचा जुना रोग होता, आणि तो पुरता अंगाशी आलेला तिने आत्ताच बघितला होता.

"अजून एक आहे, अप्पा. झाडं चार-पाच वर्षंच जगतात. आई नवी करायची, म्हणून कधी कळलं नाही. ती गेल्यावर ते कुणी केलं नाही. ही माझी आहेत. तुम्ही झोपलात की मी लावायचे."

"सगळी?"

"सगळी."

"तिचं एकही नाही?"

"नाही." तिने सुरी पुसून खिशात ठेवली. "मला शिकवलं असतं तिने. मी हसले होते तिला. चूक माझी आहे."

अप्पांनी हातातल्या कोंबाकडे पाहिलं. ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते फक्त म्हणाले, "मग मी कुणाशी बोलत होतो?" आणि दारातली आत्या तोंड फिरवून आत गेली.

तेवढ्यात फाटकाबाहेर चाकं कुरकुरली. वहिनी औषधांच्या खोक्यांची ढकलगाडी ओढत आत आली. रस्ताभर ढकलून तिला धाप लागली होती. गाडीवर दोन मोठे क्रेट होते, आणि क्रेटमध्ये कुंड्या. कुंड्यांत टवटवीत, वीतभर उंचीचे ल्युपिन, तळहातासारखी पसरलेली पानं. मागच्या क्रेटमधल्या जुन्या रोपांना एकेक तुराही आला होता. पिवळा, पण वाफ्यातल्यांपेक्षा किंचित फिका, लोण्याच्या अंगाने जाणारा. तो रंग धाकटीने नऊ वर्षांत पाहिला नव्हता, आणि तिला तो पाहताक्षणी ओळखू आला.

प्रत्येक कुंडीवर औषधाच्या बाटलीवर लावतात ती चिठ्ठी चिकटवलेली होती. वर छापलेलं, *दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर*. खाली वहिनीच्या नीटस अक्षरात तारीख आणि त्या वर्षीचा आकडा. समोरच्या कुंडीवर होतं, *टाच ११, लागल्या ८*.

"शेवटच्या वर्षी आईंना खाली बसवत नव्हतं," वहिनी म्हणाली. ती अप्पांशी बोलत होती, पण बघत कुंड्यांकडे होती. "त्या खुर्चीवरून सांगायच्या आणि मी कापायचे. त्या गेल्या, त्या वसंतात मी अकरा घेतल्या. तेव्हापासून दर वर्षी घेते. दुकानामागच्या अंगणात ठेवलीत. आज म्हटलं, आणावीत आता."

"नऊ वर्षं?" दादा म्हणाला. "आणि मला माहीत नाही?"

"तुम्ही दुकानामागे कधी आलात?"

धाकटी उठून तिच्यासमोर गेली. "मला का नाही सांगितलंस?"

वहिनीने गाडीचा दांडा खाली ठेवला. "मी ही लावायला आणणार होते, तोवर तू तुझी लावायला लागली होतीस. वरच्या खिडकीतून दिसायचीस. चोरून यायचीस, चोरून जायचीस. म्हटलं, तिची लेक आहे, लावू दे तिला." मग अजिबात आवाज न चढवता, ती म्हणाली, "आणि तूच म्हणाली होतीस ना, वहिनी, तू गोळ्या मोज. म्हणून मी माझं मोजत बसले."

बावीस वर्षं ते वाक्य वहिनीने जपून ठेवलं होतं, कुंड्यांसारखंच. धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं," ती म्हणाली. याहून लांब काही बोलता येईल असं तिला वाटलं नाही. वहिनीने मान हलवली आणि तिच्या दंडावर मातीचा हात ठेवला.

अप्पा काठी टेकून उठले. कुणी न सांगता उठले. गाडीपाशी आले, एक कुंडी उचलली, चिठ्ठी वाचली आणि मोठ्याने म्हणाले, "लागल्या आठ." जणू पहिल्यांदाच तो शब्द उच्चारत होते.

"मग अप्पा," दादाने बिचकत विचारलं, "खणू का?"

"खण की. स्टूल तेवढं उचल आधी. आणि ही कुठे लावायची?"

"नव्या दाराजवळ," धाकटी आणि वहिनी एकदमच म्हणाल्या. मग धाकटी थांबली आणि तिने वहिनीला बोलू दिलं.

"दाराच्या उजवीकडे," वहिनी म्हणाली. "तिथे पाणी साचत नाही. ऊनही दुपारपर्यंत असतं. रोपं लहान आहेत, कुंडीतली आहेत, मूळ दुखावणार नाही. खत घालायचं नाही, नुसता पाला माजतो. आणि तुरा वाळायला लागला की कापायचा, बी धरू द्यायचं नाही."

सगळं बरोबर होतं. धाकटीने एका शब्दाचीही भर घातली नाही, आणि ते तिला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

आत्या तोंड धुऊन पुन्हा दारात आली होती. "म्हणजे येत नाहीस तू," ती भावाला म्हणाली.

"नाही, ताई. तूच राहा इथे. वरची माझी खोली रिकामीच होतेय."

"जिना आहे तिथे."

"तू कुठे पडतेस? तू तर लोकांना पाडतेस."

आत्याने "हं" केलं. पण दुपारी ती वर गेली ती अप्पांचे कपडे सूटकेसमध्ये भरायला नव्हे, ती रिकामी सूटकेस कुठे ठेवता येईल ते बघायला. त्या "हं"चा अर्थ त्या घरात सगळ्यांना कळत होता. तो एक तरी बरोबर कळला.

आपलं पहिलं झाड धाकटीने स्वतः खणलं. मूळ हातभर खाली गेलं होतं, मध्येच तुटलं. तुरे मात्र तिने एकेक करून कापले आणि बादलीत पाणी घालून अप्पांच्या नव्या खिडकीत ठेवले. झाडांचा काही गुन्हा नव्हता. त्यांनी नऊ वर्षं एका माणसाचं बोलणं ऐकून घेतलं होतं.

दुपारपर्यंत दादाचा चर मेन लाइनला भिडला. वहिनीने दाराच्या उजवीकडे शेवटचं रोप लावलं, माती दाबली, आणि हात धुवायला ती पायरीवर चढली तर दारात अप्पा. कारखान्यातलं स्टूल आता तिथे आलं होतं. पायाशी पुठ्ठ्याचा तुकडा अंथरला होता आणि कानावर पेन्सिल होती.

"पाय ठेव इथे."

"अप्पा, अहो, चिखल आहे पायाला. आणि माझी काही टाच दुखत नाही."

"तिची तरी कुठे दुखत होती?"

वहिनीने चप्पल काढली आणि पाय पुठ्ठ्यावर ठेवला. अप्पा वाकले. कष्टाने वाकले, पण हात सराईत होता. अंगठ्यापासून निघालेली पेन्सिल बोटांवरून, बाहेरच्या कडेने, हळूहळू टाचेला वळसा घालून परत आली. मग त्यांनी मान वर केली.

"आणि हे बघ. लागल्या, तर तोंडाने सांगायचं. लिहून ठेवायचं नाही."